बुलेटचं ऑइल बदललं, पण आत फिरतंय का? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ही सगळी उत्तरं जुन्या कास्ट आयर्न बुलेटसाठी आहेत, म्हणजे ३५० स्टँडर्ड आणि त्याच घराण्यातली ५००. मुळात इंग्लंडमधल्या रेडिचचं डिझाइन, १९५५ पासून मद्रासमध्ये जुळायला लागलं आणि थोडेफार बदल होत २००९-१० पर्यंत चाललं, ते इंजिन. नव्या गाड्यांचं शेवटी थोडंसं आहे. काही प्रश्न तेच तेच येतात म्हणून एकत्र केलेत, आणि जिथे उत्तर दुसरीकडे आहे तिथे नंबर दिलाय, उगाच सगळं वाचत बसू नका.

१. ऑइल टाकलं, लेव्हल बरोबर आहे, मग सर्क्युलेशन वेगळं चेक कशाला करायचं?

कारण लेव्हल म्हणजे टाकीत ऑइल आहे एवढंच. ते बिग एंडला, म्हणजे कनेक्टिंग रॉड जिथे क्रँकला जोडलेला असतो त्या बेअरिंगला, पोचतंय का हे डिपस्टिक सांगत नाही. बुलेटमध्ये ऑइलची टाकी क्रँककेसमध्येच, सिलेंडरच्या मागे आहे, आणि पंप दोन आहेत, एक टाकीतून ऑइल उचलून पुढे ढकलणारा फीड पंप आणि दुसरा खाली साचलेलं ऑइल उचलून परत आणणारा रिटर्न पंप. दोन्ही टायमिंग कव्हरमध्ये (इंजिनच्या उजव्या बाजूचं झाकण), एकाच स्पिंडलवर, आणि तो स्पिंडल क्रँकच्या टोकावरच्या वर्मवर (स्क्रूसारखा गिअर) फिरतो. आता ऑइल बदलताना तुम्ही फिल्टरचं घर रिकामं केलं, पॅसेजमध्ये हवा शिरली, कधी फिल्टर उलटा बसला, कधी वॉशर राहिला. यातलं काहीही झालं तरी इंजिन मस्त स्टार्ट होतं, मस्त चालतं, आवाजही बदलत नाही आणि थोड्या वेळाने खालून टकटक सुरू होते. डॅशबोर्डवर ऑइलचा लाल दिवा नाही, आहे तो अँपिअर मीटर, आणि त्याला ऑइलचं काही पडलेलं नसतं. म्हणून बघायचं ते आपणच.

२. नक्की कुठे बघायचं? मेकॅनिक हेडवरचा बोल्ट सैल करून दाखवतो आणि म्हणतो झालं.

अर्धंच झालं. दोन जागा आहेत आणि दोन्ही बघायच्या. एक, टायमिंग कव्हरवरचा फीड प्लग, जिथून फिल्टरमधून गाळून आलेलं ऑइल क्रँकच्या टोकात शिरतं आणि बिग एंडला जातं. दोन, हेडला जाणाऱ्या बाहेरच्या पाईपचा बॅन्जो बोल्ट (आतून पोकळ, ऑइल त्यातूनच जातं), जिथून रॉकरला, म्हणजे व्हॉल्व्ह उघडणाऱ्या दांड्यांना, ऑइल मिळतं. हेडवर ऑइल दिसलं म्हणजे बिग एंडला मिळालंच असं नाही, हे वेगवेगळे रस्ते आहेत. मेकॅनिक लोक हेडचा बोल्ट का दाखवतात तर तो समोर असतो, हाताला येतो आणि गिऱ्हाईक खुश होतं. पण रॉकर कोरडा राहिला तर खर्च थोडा, बिग एंड कोरडा राहिला तर क्रँक बाहेर काढावा लागतो, इंजिन पूर्ण खोलायचं. त्यामुळे माझ्या मते आधी फीड प्लग, नंतर हेड, हाच क्रम.

३. फीड प्लगची चेक नेमकी कशी करायची, स्टेप बाय स्टेप सांगा.

गाडी मेन स्टँडवर, सपाट जागी. खाली जुनं वर्तमानपत्र. प्लगच्या आजूबाजूची माती आधी पुसून घ्या, नाहीतर तीच आत जाते. योग्य मापाचा पाना लावा, घासलेला पाना लावून प्लगचं डोकं गोल करू नका. इंजिन चालू करा, स्लोवर ठेवा, अॅक्सिलरेटर देऊ नका. आता प्लग हळूच सैल करा, पूर्ण काढायचा नाही, अर्धा फेरा पुरे. कडेने ऑइल झिरपायला लागेल. सुरुवातीला नुसते बुडबुडे येतात, मग पॅसेजमध्ये राहिलेलं जुनं काळं ऑइल, आणि मग मधाच्या रंगाचं नवीन ऑइल. हे तिसरं दिसेपर्यंत थांबा. दिसलं की लगेच प्लग कसा आणि इंजिन बंद करा.

कसताना जोर लावू नका, कव्हर अॅल्युमिनियमचं आहे, आटी गेली की नवीन डोकेदुखी. वॉशर बघा, चपटा होऊन कडक झाला असेल तर बदला, तांब्याचा असेल तर गॅसवर लाल तापवून पाण्यात टाकला की परत मऊ होतो.

आणि हो, धार उडेल अशी अपेक्षा ठेवू नका, इथे प्रेशर कमीच असतं (प्र. ९). ओघळलं तरी बास.

४. किती वेळ वाट बघायची? इंजिन कोरडं चालवतोय असं वाटून भीती वाटते.

भीती वाटणं बरोबर आहे. पण लक्षात घ्या, पंप वर्मवर चालतो त्यामुळे तो इंजिनपेक्षा खूपच हळू फिरतो, इंजिनचे कित्येक फेरे होतात तेव्हा पंपाचा एक. त्यात आधी फिल्टरचं घर भरायचं, मग ऑइल पुढे. म्हणजे लगेच दिसणार नाही. स्लोवर एक-दोन मिनिटात काहीतरी यायला हवं, दोन मिनिटं झाली तरी एक थेंब नाही तर बंद करा, "अजून थोडं बघू" म्हणत चालवत राहू नका, सरळ प्र. ७ वर जा. जुन्या ऑइलचा थर बेअरिंगवर असतो म्हणून एवढा वेळ निभावतं, पण रेस केलं तर नाही निभावत.

ही वाट कमी करायची असेल तर स्टार्ट करायच्या आधीच थोडं काम करून ठेवा, ते पुढच्या उत्तरात.

५. स्टार्ट करायच्या आधी काय करून ठेवलं की ऑइल लवकर येतं?

फिल्टर बसवताना एलिमेंट नव्या ऑइलमध्ये चांगला भिजवून घ्या. घर आडवं असल्याने पूर्ण भरता येत नाही, पण जेवढं राहील तेवढं ऑइल घालून झाकण लावा. नंतर इग्निशन बंद ठेवून डीकॉम्प्रेशनचा (सिलेंडरमधला दाब सोडणारा) लिव्हर ओढा आणि वीस-तीस किका मारा, सावकाश. कॉम्प्रेशन नसल्याने पाय दुखत नाही, बिग एंडवर लोड येत नाही, आणि पंप थोडा का होईना फिरतो. डीकॉम्प्रेशनची केबल तुटलेली असेल (बऱ्याच गाड्यांची असतेच) तर स्पार्क प्लग काढून किका मारा. नुसत्या किकांवर ऑइल फीड प्लगपर्यंत येईलच असं नाही, वर सांगितलंय की पंप किती हळू फिरतो, पण रस्ता ओला होतो.

काही जण इंजिन गरम करून, मग ऑइल काढून, लगेच नवं भरतात, ते बरोबरच आहे, गरम ऑइल पटकन आणि कचरा घेऊन खाली येतं. फक्त हात भाजून घेऊ नका, सायलेन्सर शेजारीच आहे.

६. हेडच्या बॅन्जो बोल्टमधून नुसतं ओघळतंय, फवारा येत नाही. ठीक आहे का?

ठीक आहे. रॉकरला लागतंच थोडं. बोल्ट किंचित सैल केल्यावर कडेने ओलावा दिसला, बोटाला ऑइल लागलं, पुसल्यावर परत आलं, झालं. क्रँककेस आणि टाकी दोन्ही रिकामी केली असेल तर हेडवर ऑइल फीड प्लगपेक्षा उशिरा दिसू शकतं, घाबरू नका. मात्र बरंच थांबूनही हेड कोरडंच असेल, रॉकर करकर वाजत असेल तर पाईप काढून फुंकर मारून बघा, बॅन्जो बोल्टच्या आतलं बारीक भोक बुजलेलं सापडतं बऱ्याचदा. आणि बुजवणारा गुन्हेगार ठरलेला आहे, गॅसकेट पेस्ट. कोणीतरी गॅसकेटवर ढीगभर सिलिकॉन चोपडलेलं असतं, ते आत सुटतं आणि जिथे सगळ्यात बारीक जागा तिथे जाऊन बसतं. पातळ थर लावा, किंवा चांगला कागदी गॅसकेट असेल तर लावूच नका.

बॅन्जोच्या दोन्ही बाजूंना वॉशर असतो, काढलेला वॉशर परत त्याच जागी बसवा, एक जरी विसरला तर रस्ताभर ऑइल.

७. फीड प्लगला ऑइल येतच नाही. आता काय?

आता एकेक करून, स्वस्तातलं आधी. टाकीत ऑइल खरंच आहे का बघा, हसू नका, टाकीचा ड्रेन प्लग न लावता ऑइल ओतलेले लोक आहेत. मग फिल्टर उघडा. स्प्रिंग, वॉशर, कप यांचा क्रम चुकला किंवा एखादा तुकडा राहिला तर ऑइल योग्य जागी जात नाही. एलिमेंट काढताना क्रम कागदावर काढून ठेवलेला असेल तर पाच मिनिटांचं काम.

फिल्टर बरोबर असेल तर पंप. खूप दिवस कोरडी पडलेली गाडी असेल तर पंप हवा पकडून बसतो, प्लंजर फिरतो पण ऑइल खेचत नाही. टायमिंग कव्हरवर पंपाच्या झाकणाचे स्क्रू काढा, सावध, मागे स्प्रिंग आहे, उडून गेली तर गॅरेजभर शोधावी लागेल. आतल्या जागेत ऑइल भरून परत बंद करा. याने बऱ्याच वेळा सुटतं.

तरी नाही, तर पंपाची डिस्क बघा. ती गुळगुळीत पृष्ठभागावर फिरते, ओरखडे पडले की ऑइल पुढे न जाता तिथल्या तिथे निसटतं. बारीक पेस्ट लावून घासून बसवता येते, पण ते काम हाताला सवय असलेल्याकडून करून घ्या. शेवटी स्पिंडल. वर्म किंवा स्पिंडलचे दात घासले असतील किंवा स्पिंडल तुटला असेल तर पंप फिरतच नाही. वर्मला उलटी आटी आहे, हे माहीत नसताना नेहमीसारखा फिरवणारा माणूस क्रँकचं टोक खराब करून देतो.

८. टायमिंग कव्हर उघडून बसवलं, आता फीड प्लगवर ऑइल येतंय पण तरी खालून टकटक येते. असं कसं?

फीड प्लगपर्यंत ऑइल येणं आणि तिथून क्रँकच्या आत जाणं यात एक छोटा सील असतो, जुन्या गाड्यांत कॉर्कचा. कव्हर परत बसवताना तो दुमडला, फाटला किंवा बसवायचाच राहिला तर ऑइल क्रँकमध्ये शिरायच्या ऐवजी टायमिंग चेस्टमध्ये (कव्हरच्या आतली पोकळी) पडतं. फीड प्लग ओला दिसतो आणि बिग एंड कोरडा. अशी केस सगळ्यात फसवी. कव्हर काढलं की कॉर्क नवीन लावायचा, जुना चांगला दिसला तरी, तो काही फार पैशाचा नसतो. आणि हो, बिग एंडमध्ये इथे फ्लोटिंग बुश आहे, तो तेलाच्या थरावरच तरंगतो, त्यामुळे त्याला सतत पुरवठा लागतो, थोडा वेळ चालून जाईल असं समजू नका.

टकटक नवीन आहे की आधीचीच, हे मात्र प्रामाणिकपणे आठवा. बऱ्याच बुलेट आधीपासून वाजत असतात, ऑइल बदलल्यावर आपले कान जागे होतात.

९. ऑइल प्रेशर गेज लावू का? म्हणजे रोज बघत बसायला नको.

माझं मत नको. या सिस्टिममध्ये खूप प्रेशर नसतंच, ऑइल पोचवणं महत्त्वाचं आहे, दाबणं नाही. गरम इंजिन स्लोवर असताना काटा जवळपास शून्यावर दिसेल आणि तुम्ही घाट उतरून घाबरून थांबाल. शिवाय गेजसाठी फीड प्लगच्या जागी जोडणी करायची, तिथे गळती झाली तर जे टाळायचं तेच होणार. लावणारे लावतात, दिसायला छान दिसतं हे खरं.

१०. पंधरा दिवस गाडी उभी होती, डिपस्टिकवर ऑइल खाली दिसतंय. टॉप-अप करू?

थांबा! आधी चालवा. उभ्या गाडीत टाकीतलं ऑइल पंपाच्या फटींमधून हळूहळू क्रँककेसमध्ये उतरतं, जुन्या पंपात जास्त. याला वेट संपिंग म्हणतात. ऑइल कुठेही गेलेलं नसतं, फक्त जागा बदललेली असते. तुम्ही टॉप-अप केलं आणि मग इंजिन चालू केलं की रिटर्न पंप खालचं सगळं वर आणतो, टाकी भरून वाहते, ब्रीदरमधून ऑइल बाहेर पडतं, मागचा टायर ओला. म्हणून लेव्हल नेहमी इंजिन काही मिनिटं चालवून, बंद करून, थोडं थांबून, मेन स्टँडवर बघायची.

कोकणात गाडी अख्खा पावसाळा पडवीत उभी राहिली की हे हमखास होतं. अशी गाडी पहिल्यांदा काढताना क्रँककेसचा ड्रेन प्लग उघडून साचलेलं काढून टाका आणि तेवढं टाकीत भरा, नाहीतर चालू झाली की गल्लीभर निळा धूर. शेजाऱ्यांशी संबंध टिकवायचे असतील तर सकाळी नको.

११. बुकमध्ये सव्वादोन लिटर लिहिलंय, माझ्या गाडीत दोनच गेलं. कुठे चुकलं?

कुठेच नाही. पूर्ण कोरड्या इंजिनचा आकडा वेगळा आणि ऑइल बदलताना आत थोडं राहतंच, पॅसेजमध्ये, टायमिंग चेस्टमध्ये. सव्वादोन मोजून ओतू नका. पावणेदोनच्या आसपास थांबा, प्र. ३ प्रमाणे चेक करा, इंजिन चालवून थांबा आणि मग डिपस्टिक बघत वरच्या खुणेच्या थोडं खालीच ठेवा. ग्रेड २०डब्ल्यू५० मिनरल. महागडं सिंथेटिक टाकून फार काही मिळत नाही, उलट जुन्या सांध्यांतून गळायला लागलेल्या गाड्या बघितल्यात.

ड्रेन प्लग एकच उघडला तर अर्धं जुनं ऑइल आतच राहतं, टाकीचा वेगळा, क्रँककेसचा वेगळा, हे विसरून वरून पूर्ण माप ओतलं की प्र. १० मधला प्रकार होतो.

१२. क्लच केसचं आणि गिअरबॉक्सचं ऑइल यातच येतं का?

नाही. तिन्ही वेगळे. प्रायमरी चेनकेसचं (म्हणजे क्लच केसचं) वेगळं, गिअरबॉक्सचं वेगळं, इंजिनचं वेगळं, सर्क्युलेशनची चेक फक्त इंजिनची.

१३. फिलरच्या झाकणाखाली दुधाळ चहासारखं काहीतरी जमलंय. ऑइल फिरत नाहीये का?

फिरतंय. ते पाणी आहे. जवळच्या जवळ फिरलेल्या गाडीत इंजिन पुरेसं तापत नाही आणि आतली वाफ झाकणाखाली थंड होऊन ऑइलात मिसळते. पुसून टाका, एकदा लांब चक्कर मारा. पण डिपस्टिकवरचं पूर्ण ऑइलच तसं दिसत असेल, म्हणजे पुरात उभी होती किंवा पाणी आत शिरलंय, तर पूर्ण ऑइल काढा, स्वस्त ऑइल भरून थोडा वेळ चालवून तेही काढा, मग चांगलं भरा, आणि दोन्ही वेळेला फीड प्लग बघा.

१४. इंजिन ओव्हरहॉल केलंय, पहिलाच स्टार्ट आहे. ऑइल बदलण्यापेक्षा वेगळं काही?

वेगळं आहे, कारण इथे बेअरिंगवर जुन्या ऑइलचा थरही नाही. प्र. ५ मधलं सगळं कराच, शिवाय फीड प्लग पूर्ण काढून ऑइलच्या कॅनने त्या भोकातून क्रँकमध्ये ऑइल ढकला, किका मारत मारत. रॉकरवर, टॅपेटवर वरून ओता. क्रँककेसमध्ये थोडं ऑइल असू द्या, रिटर्न पंपाला उचलायला काहीतरी पाहिजे ना. प्लग परत लावून मगच स्टार्ट आणि प्र. ३.

१५. माझी क्लासिक ३५० आहे, २०१२ ची. हे सगळं तिला लागू होतं का?

नाही. ते युनिट कन्स्ट्रक्शन इंजिन (इंजिन आणि गिअरबॉक्स एकाच केसमध्ये), सगळंच वेगळं. ऑइल खालीच असतं, लेव्हल बाजूच्या काचेत दिसते. हायड्रॉलिक टॅपेट असल्याने ऑइल बदलल्यावर पहिले काही सेकंद टकटक येते आणि ऑइल पोचलं की थांबते, तुमची चेक आपोआपच झाली. थांबलीच नाही तर इंजिन बंद करून लेव्हल आणि फिल्टर बघा.

१६. बीएसए, ट्रायम्फ वगैरेंमध्ये कसं बघतात?

त्यांच्या जुन्या गाड्यांत बहुतेक टाकी वेगळी असते, सीटखाली बाजूला. झाकण उघडून इंजिन चालू ठेवलं की रिटर्न पाईपमधून ऑइल पडताना डोळ्यांनी दिसतं. आधी सलग, मग थुंकल्यासारखं हवेसकट, कारण रिटर्न पंप मोठा असतो आणि खालचं संपलं की हवा खेचतो. थुंकणं हे चांगलं लक्षण. सलगच पडत राहिलं तर खाली बरंच साचलंय असं समजा. बिग एंडची खात्री मात्र इथेही नुसत्या रिटर्नवरून पक्की होत नाही.

१७. येझदी आणि आरएक्स१०० ला काय करायचं?

जुन्या येझदीत इंजिन ऑइल फिरतच नाही, टू-स्ट्रोक आहे, पेट्रोलमध्ये मिसळलेलं ऑइलच इंजिनचं वंगण. तिथे मिक्स बरोबर ठेवा. आरएक्स१०० ला मात्र टू-टी ऑइलची वेगळी टाकी आणि पंप आहे, आणि ती टाकी एकदा कोरडी झाली की लाइनमध्ये हवा अडकते, वरून भरलं तरी पंप नुसता हवा ढकलतो. पंपावर हवा काढायचा स्क्रू आहे, तो उघडून बुडबुडे थांबेपर्यंत ऑइल वाहू द्या, मगच बंद करा. तोवर चालवायचीच असेल तर पेट्रोलच्या टाकीतही थोडं टू-टी मिसळा. धूर जास्त येईल, येऊ दे, पिस्टन जाम होण्यापेक्षा परवडला.